गोपाळदादाची गोडखारी

दादाचं सुतक फिटलं, पण किस्से फिटेनात. समाचाराला येणारा प्रत्येकजण रडायला म्हणून बसतो आणि दादाचा एक किस्सा सांगून हसत उठतो. मला राग येतो. इतका राग येतो, की पुढचा किस्सा मीच सांगतो!

गोपाळदादा शहापूरच्या डाकबंगल्यावर खानसामा होता. मी त्याचा धाकटा भाऊ बारकू, तिथंच पाणी भरायचो, लाकडं फोडायचो. मागची खोली दादाच्या नोकरीची. नवा खानसामा आला की वहिनीनं आणि मी ती सोडायची, हे ठरलेलंच.

दादाचा एक पदार्थ साहेबलोकांत गाजलेला. कुणा मडमेनं शिकवलेला. डब्यातल्या अननसाच्या फोडी, साखर, मीठ, लोणी, किसलेलं चीज, वर पावाचा चुरा. बंगल्यावर भट्टी नव्हती, म्हणून पातेल्याखाली निखारे आणि झाकणावरही निखारे. मडम त्याला कॅसरोल म्हणायची. दादा म्हणायचा, गोडखारी.

*

चीजचा पहिला डबा दादानं उघडला आणि नाक धरून बाहेर पळाला. साहेबाच्या पोटात विष जायला नको, म्हणून त्यानं ते उकिरड्यामागं खड्डा खणून गाडलं.

संध्याकाळी मडमेनं विचारलं, "चीज कुठाय?"

दादानं मान खाली घातली. "मडम, ते मेलेलं आलं होतं. पुरलं."

*

वहिनीनं त्या पातेल्याला कधी हात लावला नाही. आमच्या किन्हवलीत दुधाच्या वस्तूत फळ आणि वर मीठ म्हणजे अंगावर कोड आलंच समजा!

"अवो, साहेबांना कोड आलं तर आपल्याला फाशी देतील!"

दादा म्हणाला, "कोड यायला जागा कुठं हाय गो त्यांच्यावर?"

*

एकदा साहेबाचा तंबू म्हसा गावच्या जत्रेत लागला. चहूकडं बैलच बैल, जळण मात्र मिळेना. दादानं शेणाच्या गोवऱ्या पेटवल्या आणि त्यावर गोडखारी भाजली. मडमेला त्या धुराचा वास इतका आवडला, की तिनं विचारलं, "गोपाळ, हे कुठलं लाकूड?"

"जत्रेतच मिळतं, मडम. चार पायांवर चालत येतं."

मडमेनं पुन्हा वाढून घेतलं!

*

लढाई लागली आणि चीजचे डबे यायचे बंद झाले. दादा काय गप्प बसतो? मुरबाडच्या गवळ्याकडं म्हैस व्याली होती. त्यानं चिकाचा घट्ट खरवस केला, बिनगुळाचा, मीठ घालून, आणि किसून अननसावर पसरला.

मुंबईहून एक पाहुणा साहेब आला होता. तो चीजमधला मोठा जाणकार. डोळे मिटून घास तोंडात घोळवत म्हणाला, "हे चीज कुठलं?"

"मुरबाड, साहेब."

"हां," साहेब म्हणाला, "नाव ऐकलंय."

*

गोडखारीत खोट एकच. खालून जळायची. दर वेळी! जंगलखात्याचा साहेब दौऱ्यावर आला की ओरडायचा, "गोपाळ, खाली परत जळलं!"

दादा म्हणायचा, "साहेब, वरनं खावा."

तळाची खरपूड मग माझ्या वाट्याला. गोड, खारट, कडू, आणि दातांना चिकटणारी. मी पातेलं पुढ्यात घेऊन उलथन्यानं खरवडत बसायचो. एकदा वहिनी म्हणाली, "इतकी वर्सं झाली, रोज कसं जळतं वो?"

दादा माझ्याकडं बघत म्हणाला, "निखारे ऐकत नाय गो माझं."

*

परवा जंगलखात्याचा साहेब आला. मोटारीतून उतरता उतरताच हाक मारली, "गोपाळ हाय का? गोडखारी पायजे!"

'गेला' म्हणायचं होतं. एवढासा शब्द. तोंडातून निघेचना.

मी म्हटलं, "हाय, साहेब."

वहिनीनं पदर तोंडात कोंबला. चौकीदार रामाकाकानं मला मागं ओढलं. "बारक्या, काय बोललास रे? दोन घासांत कळंल त्याला! उद्याच नवा मानूस येईल, आनि तुमी दोघं रस्त्यावर!"

"निघालं तोंडातून, काका."

मग मी पातेलं मांडलं. फोडी, साखर, मीठ. कपाटातला चीजचा शेवटचा डबा फोडला. सगळं दादासारखं. फक्त खाली निखारे अगदी मोजके ठेवले. म्हटलं, निदान आज तरी जळायला नको.

वहिनी चुलीशी आली. जन्मात त्या पातेल्याजवळ न आलेली! चिमटा घेतला आणि धगधगते निखारे पातेल्याखाली सारत राहिली.

"वयनी, जळंल ना!"

"जळू दे, भावजी."

पातेलं साहेबापुढं ठेवलं. मी दाराशी उभा, रामाकाका माझ्यामागं, वहिनी त्याच्यामागं. साहेबानं एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. मग चमचा तळापर्यंत घातला, कर्रकन आवाज झाला, आणि तो थांबला. माझ्याकडं बघितलं. मग माझ्यामागं वहिनीकडं बघितलं. तिच्या मोकळ्या कपाळाकडं.

"गोपाळला सांग," साहेब म्हणाला, "खाली परत जळलं."

मी म्हटलं, "सांगतो, साहेब."