खाडीकडचा बांध
रक्त अंगात कोणीकडून कोणीकडे वाहते, हे तुम्हांला खरोखर ठाऊक आहे काय? चार चोपड्या वाचून मला वाटे, मला आहे. अजूनही ओल्या मिठाचा वास आला की कोलशेतच्या मिठागरावरची ती दुपार आठवते. मी तिथल्या शाळेत नवा मास्तर होतो, मिठागर पाहायला आलो होतो. बांध दुरुस्त करायला खाडीकाठच्या तिवराच्या झाडांच्या फांद्या तोडताना एका गड्याचा कोयता निसटला आणि त्याच्याच मनगटाच्या वर खोल लागला. लालभडक रक्त ठोके पडावेत तसे उसळू लागले. ती उसळी मी क्षणभर नवलाने पाहतच राहिलो, मग उपरणे फाडून जखमेच्या खाली, मनगटाशी, करकचून बांधले. रक्त खालीच गळते, तर खालीच अडवावे! ते थांबेना. गड्याचे ओठ पांढरे पडले. तेवढ्यात त्याची बायको धावत आली आणि कडाडली, “आरं मास्तरा, पानी खाडीकडून येतं, नि तू बांध पल्याड घालतोस? वर बांध, वर!” तिने पट्टी सोडून दंडाला आवळली, आणि उसळी बसली. छातीतून निघालेली भरती तिने वाटेतच अडवली होती. नवरा वाचला. ‘हृदय रक्त ढकलते’ हे वाक्य मला पाठ होते. त्याचा अर्थ, जिला आम्ही अडाणी म्हणतो, तिने शिकवला. हे लिहितानाही माझी बोटे दंडाच्या आतल्या अंगाला तो ठोका चाचपत आहेत. वाचकहो, तुम्हीही आत्ताच तो शोधा, आणि घरातल्या बायकामुलांना आजच दाखवून ठेवा.