दोन तास बसवून ठेवणाऱ्या कुसुम सिस्टर

कुसुम सिस्टर आमच्या उपकेंद्रावर बदलून आल्या, तेव्हा आमच्या घरी सुतक होतं. माझी सून वैशाली, तिचं पहिलं लेकरू जन्मल्याच्या दुसऱ्याच दिवशी गेलं होतं. येणारा प्रत्येक जण नशिबाला बोल लावायचा आणि चहा पिऊन जायचा. सिस्टर ओसरीत बसल्या, चहा नको म्हणाल्या आणि विचारलं, "बाळाचं वजन किती भरलं होतं?"

मी उखडलेच. "गेलेल्या लेकराचं वजन कायले पाहिजे तुम्हाले?"

"येणाऱ्यासाठी पाहिजे, ताई."

साडेचार किलो. पैलवान झाला म्हणून आम्ही मिरवलं होतं. सिस्टरांनी सांगितलं, खात्रीनं सांगता येत नाही, पण गरोदरपणात आईची साखर वाढली तर असं होऊ शकतं. ती कोणी तपासलीच नव्हती. गावातल्या गरोदर बायांची यादी ठेवणारी आशा सेविका मीच. पण पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सून माझ्या यादीत नव्हती. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

पुढच्या वेळी वैशालीला दिवस गेले, तशी सिस्टरांनी तिला लगेच बोलावलं. ग्लुकोजचं पाणी प्यायचं, दोन तास तिथंच बसायचं, मग बोटातून रक्त. इकडं कापसाची वेचणी सुरू होती आणि बसून राहणं माझ्या स्वभावात नाही. वैशालीला मळमळलं, अर्धा ग्लास उरला. वाया कशाला घालवायचा म्हणून तो मीच पिऊन टाकला. साखर बरोबर निघाली. मी उठले.

"ताई, तुमच्या पदराले मुंग्या काहून लागल्या?" सिस्टरांनी विचारलं.

मी पदर झटकू लागले. वैशालीनंच सांगून टाकलं, "आई पेल्या ना अर्धं."

"म्हणजे अर्धी तपासणी तुमची झाली. अभिनंदन, तुमची साखर बरी आहे!"

बसलेल्या सगळ्या बाया हसल्या. सिस्टरांनी मात्र नंतर मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "घाई तुमची, लेकरू तिचं." रागावल्या असत्या तर मी भांडले असते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ग्लास, पुन्हा दोन तास, आणि या वेळी सिस्टर स्वतः समोर बसल्या. साखर एकशे चाळीसच्या बरीच वर निघाली.

सिस्टर घरी आल्या आणि थेट चुलीपाशी बसल्या. सकाळचा शिरा, डिंकाचे लाडू, तीन चमचे साखरेचा चहा, हे सगळं मीच प्रेमानं चारत होते. त्या तोडून बोलल्या नाहीत. "उपाशी नका ठेवू तिले. गोड बंद करा आणि जेवण दिवसभरात वाटून द्या," म्हणाल्या. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, पालेभाजी, मधे मूठभर फुटाणे, आणि जेवल्यावर शेताकडच्या पांदणीनं चालणं. वैशालीनं मन लावून केलं. तरी दोन आठवड्यांनीही साखर उतरली नाही, म्हणून डॉक्टरांनी इन्सुलिन सांगितलं.

मी अडून बसले. "सुई एकदा लागली का जन्माची लागते."

"बहुतेकींची बाळंतपणानंतर सुटते. आणि तुमच्या पोटात टोचायची नाही, तिच्या. तिले बोलू द्या," सिस्टर म्हणाल्या.

वैशाली म्हणाली, "मले लेकरू पाहिजे." तिथं वाद संपला.

आमच्याकडं फ्रीज नाही. सिस्टरांनी मोठ्या मडक्यात ओली रेती भरून त्यात लहान मडकं बसवलं आणि इन्सुलिनची शिशी त्यात ठेवायला शिकवलं. सुई स्वतः कशी टोचायची, तेही वैशालीला हाताला धरून दाखवलं. बाळंतपण यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यातच करायचं, हे महिनाभर आधी ठरवून टाकलं.

मुलगी झाली. दोन किलो नऊशे. तासाभरात अंगावर प्यायला लागली आणि असली रडली, की सगळा वॉर्ड जागा झाला. सुईही सुटली. सव्वा महिन्यानं सिस्टर पुन्हा दारात. मी म्हटलं, "आता काय राह्यलं?" तर म्हणाल्या, "लेकरू झालं, पण आई आहे ना अजून!" वैशालीची तपासणी झाली, साखर बरोबर निघाली. तरी दरवर्षी पाहायची, हे बजावूनच त्या गेल्या. तेव्हापासून माझ्या यादीतली एकही बाई पूर्ण दोन तास बसल्याशिवाय उठत नाही. बायका मला शिव्या घालतात. घालू द्या. ज्यांची साखर वेळेवर सापडली, त्यांची लेकरं आज अंगणवाडीत धिंगाणा घालून राह्यली आहेत.

सिस्टरांना साठ वर्षं पूर्ण झाली. नोकरी सरली, तरी बाया त्यांच्याच घरी विचारायला जातात. त्यांना निरोगी, मोठं आयुष्य लाभो, आणि गुडघेही धड राहोत, कारण आमच्या वस्तीचा रस्ता अजून कच्चाच आहे. माझी नात त्यांच्या साठीच्या समारंभाला पहिल्या रांगेत बसणार आहे. टाळ्या तिच्याच सगळ्यांत मोठ्या वाजल्या पाहिजेत, असं मी तिला दम देऊन ठेवलं आहे.