दाभोळच्या परमिट रूममध्ये पालखी

निवळी फाट्याजवळच्या पिठाच्या गिरणीत सोमवार ते गुरुवार जो माणूस भुवयांसकट पांढरा दिसतो, तोच शुक्रवारी दुपारी आंघोळ करून, केसांना चपचपीत तेल लावून आणि बेंजोची पेटी काखेत मारून फाट्यावर उभा राहतो, तेव्हा त्याचीच गिऱ्हाइकं त्याला ओळखत नाहीत.

"काशीराम काय रं तू? मना वाटला कोन पावना आलाय," गंगुबाई दर शुक्रवारी म्हणतात.

"पावनाच हाय मावशे. दळान सोमवारी," काशीराम दर शुक्रवारी सांगतो.

काशीरामचं वय सत्तावन्न. त्यातली बेचाळीस वर्षं बेंजोत गेली. तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवलेलं हे वाद्य. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या. पंधराव्या वर्षी त्यानं संगमेश्वराकडच्या आपल्या गावात शिमग्याला निघणाऱ्या ग्रामदेवतेच्या पालखीपुढे पहिल्यांदा ते वाजवलं आणि तेव्हापासून एक शिमगा चुकवला नाही. पण शिमगा पाच दिवसांचा. उरलेलं वर्ष काशीरामचं पोट गिरणी भरते आणि मन 'सागरसूर म्युझिकल ग्रुप' भरतो. ग्रुपमध्ये माणसं चार. काशीराम, ऑक्टोपॅड बडवणारा नितेश, तोही त्याच्याच गावचा, आठवडाभर झेरॉक्सच्या दुकानात बसून शुक्रवार ते रविवार गाणारी मृणाली, आणि कीबोर्डवाला संदेश. गाडी संदेशची, स्पीकर संदेशचे, म्हणून ग्रुपही संदेशचाच.

संदेश रत्नागिरी शहरातला. एरवी साधं, सरळ बोलतो. हातात माईक आला की मात्र त्याच्या घशात दुसराच कुणी येऊन बसतो. "गूऽऽड ईव्हनिंग! आवाज येत नाहीये मंडळीऽऽ!" समोर सहा माणसं कोळंबी खात असली तरी हेच.

तर हा संदेश त्या आठवड्यात गुरुवारी गिरणीवर आला. दळण नव्हतंच त्याच्याकडे. पट्ट्याच्या आवाजावर ओरडून म्हणाला, "काका, कसं आहे ना, ऑडियन्स बदललाय!"

"काय बदललाय?"

"ऑडियन्स! आणि कीबोर्डमध्ये आता बेंजोचा टोन येतो! बटण दाबलं की झालं! हा दौरा करू! मग बघू!"

काशीरामनं गिरणी बंद केली, पण तोवर संदेशला सांगायचं होतं ते सांगून झालं होतं. 'मग बघू'चा अर्थ रत्नागिरीत शेंबड्या पोरालाही कळतो. मुलगी नापसंत असली की 'मग बघू'. नोकरीसाठी साहेबाकडे गेलं की 'मग बघू'. म्हणजे हे तीन दिवस काढायचे आणि त्यानंतर बेंजो गिरणीच्या माळ्यावर, रिकाम्या पोत्यांशेजारी. काशीरामनं ठरवलं, या दौऱ्यात असं वाजवायचं की संदेशला आपल्याला काढायला तोंडच राहू नये. सांगेल तेवढंच, सांगेल तिथंच.

शुक्रवारी जयगड. बंदरावर कामाला आलेल्या परप्रांतीय कामगारांनी हॉटेलचा हॉल भरला होता. फर्माइशी हिंदीत, भोजपुरीत आणि एक तर काशीरामला समजलीच नाही अशा भाषेत आली. त्याच्या वाट्याला एका गाण्यात चार सूर आणि दुसऱ्यात सहा. मधेच एक जण स्टेजजवळ येऊन कौतुकानं वाकून बघत म्हणाला, "चाचा, टाइपिंग कर रहे हो क्या?" हॉल हसला. काशीरामही हसला. संदेश त्याच्याकडे बघतोय हे त्याला दिसत होतं, म्हणून जरा जास्तच हसला.

शनिवारी सकाळी फेरीबोटीतून गाडी तवसाळला उतरवली, गुहागर मागे टाकलं, धोपाव्याला पुन्हा फेरी. त्या दुसऱ्या फेरीत मृणाली कठड्याशी त्याच्याजवळ येऊन उभी राहिली.

"काका, मी बोलू संदेशदादाशी? माझं ऐकतो तो."

"नको गो."

"का?"

"तू सांगितलंस तर तो ठेवील. तुझ्या शब्दाखातर ठेवील. मग रोज स्टेजवर बसल्यावर माझ्या मनात तेच येनार." तो खाडीकडे वळला. "माजा मी बगतंव."

दाभोळला विठूशेटची 'सागरछाया' परमिट रूम. विठूशेट प्रत्येक वाक्य दोनदा बोलतो, पहिल्यांदा गिऱ्हाइकाला आणि दुसऱ्यांदा स्वतःला. "या, या, बसा. बसूदे त्यांना. स्टेज तिकडं हाय. तिकडंच हाय." हे आवडलं तर मे महिन्यापर्यंत प्रत्येक शनिवार तुमचा, असं त्यानं संदेशला सांगून ठेवलं होतं. संध्याकाळी सातला सगळी टेबलं भरली. सुट्टीवर आलेले बोटीवरचे खलाशी, मच्छीमार, दोन मास्तर, आणि कोपऱ्यात केरूनाना. जहाजावरून निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षं झालेली.

"हाऊ आर यूऽऽ दाभोळ!" संदेश ओरडला.

"बरे हाव!" कोपऱ्यातून केरूनाना शांतपणे म्हणाले.

पहिला अर्धा तास झकास गेला. काशीरामनं एक सूर जास्त वाजवला नाही. मग मध्यंतर झालं. संदेश आणि मृणाली आत जेवायला गेले. स्टेजवर नितेश आणि काशीराम उरले. घामानं एक तार उतरली होती, ती काशीराम चढवायला बसला. स्पीकर चालूच होता.

तार लागली की नाही हे बघायला प्रत्येक वाजवणाऱ्याची एक ठरलेली ओळ असते. काशीरामची ओळ बेचाळीस वर्षांपूर्वी ठरलेली. पालखी देवळातून उठताना वाजते ती. त्यानं ती वाजवली. तार बरोबर लागली होती. तिथं थांबायचं होतं, पण उजव्या हाताला ते कुणी सांगितलं नाही. दुसरी ओळ आपसूक आली. शेजारी नितेशनं मोबाइलवरून नजर न उचलता ऑक्टोपॅडवर ढोल धरला. गावचाच पोरगा, तो तरी दुसरं काय करणार?

केरूनानांनी हातातला ग्लास टेबलावर नव्हे, टेबलाखाली ठेवला. मग चपला काढल्या. शेजारच्या खलाशानं त्यांच्याकडे पाहिलं आणि आपल्या काढल्या. मग मास्तरांनी. खुर्च्या सरकल्या, माणसं उठून उभी राहिली. वेटर भाजलेल्या पापलेटची ताटली घेऊन मधेच अडकला. ताटली कुठं ठेवावी ते न सुचून त्यानं ती पाठीमागे लपवली. कुणी नाचलं नाही. खांदे मात्र हलत होते, ज्यांनी कधी पालखी खांद्यावर घेतलीय त्यांचे हलतात तसे.

विठूशेट गल्ल्यावरून धावत आला. स्टेजपर्यंत पोचला आणि परत फिरून आधी चपला काढून आला.

"अरे, धंदा बंद पाडतोस काय? पाडलास की! थांबव. थांबव रे."

"थांबवता येत नाय शेट," नितेश कुजबुजला. "पालखी उठली ना. आता सहाणेवर बसेपर्यंत चालनार."

सहाण म्हणजे गावातला तो ओटा, जिथं पालखी अखेर टेकवतात. हे दाभोळात कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती, विठूशेटला तर नव्हतीच. मधे थांबणं म्हणजे पालखी रस्त्यात टाकून जाणं.

"मग लवकर बसव रे बाबा. लवकर बसव."

"घरं घ्यायला लागतात वाटेत. घराघराचा एकेक फेरा."

"किती ऱ्हायली?"

नितेशनं काशीरामच्या बोटांकडे बघून हिशेब केला. "बारा."

"गाळ ना दोन-चार!"

"कुनाची गाळू?" नितेशनं विचारलं.

विठूशेट हात जोडून उभा राहिला.

काशीरामनं डोळे मिटले होते. आपण कुठं बसलोय ते त्याला बाराव्या घराच्या अंगणात आठवलं. पण हात थांबला नाही. डोळे उघडले तर समोर संदेश. खरकटा हात तसाच आडवा धरून, दुसऱ्या हातानं बुटाची नाडी सोडवायची खटपट करत होता. नाडीला गाठ बसली होती. वाकून, लंगडत, दातांनी ती सोडवून त्यानं बूट काढला, तेव्हा कुठं पालखी सहाणेवर बसली.

नंतर ग्लासाला कुणी हात लावला नाही. माणसं बिलं देऊन, काढलेल्या चपला हातातच घेऊन बाहेर पडली. केरूनाना स्टेजजवळ आले. "बरा वाजवलंस," ते म्हणाले आणि त्याच आवाजात पुढे म्हणाले, "पन हितं नको व्हता वाजवायला."

"व्हय नाना," काशीराम म्हणाला. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

आठ वाजता हॉल रिकामा झाला. विठूशेट संदेशला म्हणाला, "पोरं चांगली हाव तुमी. चांगलीच हाव. पन पुढचा शनिवार नको. मना हाटेल चालवायचा हाय, देऊळ नाय."

रविवारी गाडी चिपळूणच्या वाटेला लागली. काशीराम खिडकीतून बघत होता. आपली जागा गेली, हे त्यानं धरूनच टाकलं होतं. त्याहून त्याला टोचत होतं ते वेगळंच. पालखी जिथं कधी गेली नसती तिथं आपण तिला नेलं. आणि खरं सांगायचं तर, त्या पंधरा मिनिटांत आपण जसं वाजवलं तसं वर्षभरात वाजवलं नव्हतं.

"काका," संदेश म्हणाला. घाटातलं वळण घेत होता, म्हणून नजर रस्त्यावरच होती. "मी शहरात वाढलो. शिमग्याला आजोळी जायचो, तेही दहावीपर्यंत. पण मला बूट काढायला लागले राव. आणि तो कीबोर्डमधला टोन…" तो वाक्य सोडून गिअर बदलण्यात गुंतला. "तुम्ही राहा. फक्त एक शब्द द्या. ते स्टेजवर परत वाजणार नाही."

गुरुवारपासून काशीराम याच एका 'राहा'ची वाट बघत होता. 'दिला' म्हटलं की झालं असतं. मागून नितेशनं त्याच्या खांद्याला टोचलंसुद्धा. बोल की.

"शब्द नाय देत संदेशा," काशीराम म्हणाला. "खोटा पडंल. तार लावायला घेतली की हात तिकडंच जानार. बेचाळीस वर्षांची सवय हाय, तू 'नाय' म्हटलंस म्हनून ती थोडीच ऐकनार?"

संदेशनं एक अख्खं वळण घेतलं.

"मग तार मी लावतो," संदेश म्हणाला.

"तुला येते?"

"नाही."

चिपळूणला वाशिष्ठीकाठच्या हॉटेलच्या गच्चीवर चार वाजता स्पीकर जोडून झाले. मांडीवर बेंजो घेऊन आज संदेश बसला होता, हातात खुंटी पिळायची चावी. काशीराम समोर बसला, दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून.

"वर."

"किती वर?"

"मी थांब म्हनंपर्यंत."

"आता?"

"गेली पुढं. उतरव."

"आता?"

"उतरली."

"काका, मी हातसुद्धा नाही लावला!"

"म्हनूनच उतरली. धरून ठेवायची ती, कान लावून." काशीरामचा उजवा हात मांडीखालून निम्मा बाहेर आला; त्यानं तो परत आत घातला. "पुन्यांदा."

गच्चीवर पहिलं कुटुंब येऊन बसलं, मेनूकार्ड उघडलं. मृणाली माईक घेऊन उभी होती. "सुरू करायचं का?"

"थांब गो," काशीराम म्हणाला. "तीन तारा ऱ्हायल्यात त्याच्या."