पुठ्ठ्याची घडी

माझ्या नवऱ्याला पुस्तकात खूण म्हणून पुठ्ठा घालायची सवय होती. बोटाएवढा तुकडा, दुहेरी घडी घातलेला, चांगला जाड. त्यामुळे पुस्तक नीट मिटत नसे. मी म्हणायची, "अहो, साधा कागद घाला ना. बाइंडिंगवाल्याच्या घरात पुस्तकांचे कणे मोडलेले बरे दिसतात का?" ते हसायचे, आणि थोड्या दिवसांनी दुसऱ्या पुस्तकात तसाच तुकडा दिसायचा.

ते गेल्यावर मी त्यांची पुस्तकं आवरायला घेतली. फार सावकाश, एका दिवशी एखादाच खण. पुस्तकांतून घड्या निघत राहिल्या, सगळ्या सारख्या. त्या मी एका डब्यात टाकत गेले. फेकण्याजोग्याच होत्या, पण तेवढाही निर्णय त्या दिवसांत होत नव्हता.

आमचं घर प्रभादेवीला, बाइंडिंगचा गाळा चिंचपोकळीला. माटुंग्याच्या कॉलेजात शिकवणं आणि घर यांत माझा दिवस संपायचा. गाळ्यात मी जायची ती दसऱ्याला, पूजेपुरती. तेव्हा कटिंग मशीन बंद असायचं, झेंडूची माळ घातलेलं. ते चालताना मी पहिल्यांदा पाहिलं ते नवरा गेल्यानंतर, दिवाळी अंकांच्या घाईत, गाळा आता माझ्याकडे आला होता म्हणून.

मशीनवर आमचे जुने कारागीर होते. त्यांनी अंकांचा गठ्ठा पात्याखाली सरकवला, डावा पंजा गठ्ठ्यावर ठेवला आणि उजव्या हाताने बटण दाबलं. पातं खाली आलं. बोटांपासून फार लांब नव्हतं.

त्या मशीनला दोन बटणं आहेत, एकमेकांपासून लांब. दोन्ही एकाच वेळी दाबल्याशिवाय पातं पडत नाही. म्हणजे दोन्ही हात आपोआप बाहेर राहतात. वर भिंतीवर माझ्या नवऱ्याच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, 'दोन्ही हात बटणांवर'. पण डावं बटण आत दाबलेलंच होतं. त्याच्या फटीत पुठ्ठ्याचा तुकडा खोचलेला होता. घडी मी ओळखली.

"हे काय आहे?"

"काही नाही वहिनी." त्यांनी तुकडा काढून खिशात टाकला.

घडीकाम करणाऱ्या मावशी खाली बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "काही नाही कसं? सांग की. भाऊ संध्याकाळी काढून न्यायचे, हा सकाळी नवीन घालायचा. वर्षानुवर्षं. नवरा-बायकोसुद्धा इतकं नेमानं भांडत नाहीत."

"भांडलो कुठे?" कारागीर म्हणाले. "भाऊ कधी एक शब्द बोलले नाहीत. ते काढायचे, मी घालायचो."

"पण का घालता?"

"घाई असते." मग म्हणाले, "मला मशीनवरून काढणार का तुम्ही?"

"नाही. का घालता तेवढं सांगा."

त्यांनी दुसरा गठ्ठा लावला आणि या वेळी दोन्ही हात बटणांवर ठेवले. पातं पडलं. त्यांनी मला वरचा अंक आणि खालचा अंक शेजारी धरून दाखवले. कड तिरकी गेली होती.

"गठ्ठ्याला वरून दाबते ना, ती पट्टी ढिली झालीय. कागद सरकतो. एक हात ठेवावाच लागतो."

"भाऊंना सांगितलं नाहीत?"

"त्यांनी विचारलं नाही. मला वाटायचं, त्यांना माहीत असेल."

माझ्या नवऱ्याला काय वाटत होतं, ते आता कळायला मार्ग नाही. बहुधा हा माणूस निष्काळजी आहे, एवढंच वाटत असावं. काळजी मात्र त्यांना होती. ती ते रोज खिशात घालून घरी आणत होते.

मी पट्टी दुरुस्त होईपर्यंत मशीन बंद ठेवायला सांगितलं.

"आत्ता?" कारागीर म्हणाले. "वहिनी, हे अंक मग होळीला निघतील."

"निघू देत," मावशी म्हणाल्या. "तुझा हात पुरवणीत द्यायचाय का?"

मी संपादकांना फोन केले. बहुतेकांनी समजून घेतलं. एक अंक दिवाळी उलटल्यावर निघाला. त्याचे संपादक अजून माझ्याशी बोलत नाहीत. शेजारच्या गल्लीतला मेकॅनिक आला, त्याने मशीन उघडून पट्टी बसवून दिली.

मशीन पुन्हा सुरू झालं तेव्हा मी मुद्दाम गेले होते. कारागिरांनी गठ्ठा लावला. डावा हात गठ्ठ्यावर गेला, उजव्याने बटण दाबलं. काहीच झालं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं.

"चालत नाय हे. मेकॅनिक काय करून गेला?"

"अरे, तुझा दुसरा हात कुठाय?" मावशींनी विचारलं.

त्यांनी गठ्ठ्यावरच्या हाताकडे पाहिलं, कुणा दुसऱ्यानेच तो तिथे ठेवून दिल्यासारखं. मग उचलून डाव्या बटणावर नेला. पट्टी घट्ट बसली, पातं खाली आलं. गठ्ठा जागचा हलला नाही.