क्रीझवरची खूण

२०२३ साल, तेव्हा माझं वय सदुसष्ट. शाळा चौथीत सुटली, पण नागपूरच्या त्या मैदानाची पिच चाळीस वर्षं मीच बनवली, आणि तिच्याबद्दल कोणत्याही खेळाडूले कधी एक शब्द सांगितला नाही.

रणजीचा सामना होता. दोन वर्षं ढिगानं रन काढून राहिलेला एक फलंदाज जेवणाच्या सुट्टीत नव्वदवर होता. तेवढ्यात कोणाच्या तरी मोबाइलवर भारताच्या टीमची यादी आली. त्याचं नाव नव्हतं. अशा वेळी बॅट आपटणारे मी पाहिले आहेत. यानं ताटातला भात संपवला, ग्लोव्ह्ज घातले आणि क्रीझवर जाऊन बुटानं उभं राहायच्या जागेची खूण केली, सकाळी होती तिथंच. संध्याकाळी नाबाद परतला.

मी टोचून पाहिलं, "काहून जी, नाव नाही लागलं म्हणे तुमचं?"

"नाही लागलं, काका." तो वाकून पिचकडे पाहत होता. "उद्या बॉल किती वळन?"

मी पिचवर कव्हर ओढायले लागलो.

रोज सकाळी मी क्रीझवरच्या साऱ्या खुणा झाडून टाकत असे. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडू त्याच्या खुणेच्या बाजूबाजूनं फिरवला.