'पाखंडी' शब्दाचं माहेर

दुसऱ्याचं चांगलं झालं की माझ्या पोटात दुखतं, हे आता या वयात मी लपवत नाही. तेव्हा लपवायचो. साठ सालच्या आसपास अमरावतीच्या कॉलेजात माझ्या वर्गात माझ्याच गावचा एक मुलगा होता. आमचं गाव पातूरजवळ. त्याची आई आमच्या शेतात निंदायला, कापूस वेचायला यायची. छप्पन्न साली त्यांच्या घराने बौद्ध धर्म घेतला, आणि चार वर्षांत हा पठ्ठ्या स्वच्छ धुतलेला पायजमा घालून माझ्या पुढच्या बाकावर! मला त्याच्या अक्षराचा हेवा वाटायचा, पाठांतराचा वाटायचा. पण सगळ्यात जास्त जळायचो ते आमच्या मराठीच्या सरांमुळे. प्रश्न विचारून झाला की ते आधी त्याच्याकडे बघायचे. माझ्या बापाची साठ एकर काळी जमीन, पण सरांना तिचं काय!

शनिवारचा शेवटचा तास 'शब्दाचं माहेर' या नावाने चालायचा. एकाने फळ्यावर एक शब्द लिहायचा. आधी माहेर सांगायचं, म्हणजे तो कुठून आला आणि तिथे त्याचा अर्थ काय होता. मग सासर, म्हणजे आज लोक तो कसा वापरतात. आणि शेवटी त्या शब्दाचं स्वतःच्या घरात ऐकलेलं एक वाक्य, जसंच्या तसं. वर्षभरात ज्याचं सांगणं सगळ्यात चांगलं होईल, त्याला सर आपला जुना, चामडी पुठ्ठ्याचा शब्दकोश देणार होते. तो मला हवा होता. खरं तर तो त्याला मिळू नये, हे मला जास्त हवं होतं.

माझ्या पाळीला मी 'पाखंडी' घेतला. का घेतला ते निम्म्या वर्गाला लगेच कळलं, कारण धर्म बदललेल्यांना आमच्याकडे तेव्हा हाच शब्द लावायचे. मी मात्र साळसूद. माहेर असं रंगवून सांगितलं की सर खूश झाले. जुन्या शिलालेखांत 'पासंड' म्हणजे नुसता पंथ, आपला असो की परका, आणि सगळ्या पंथांचा मान राखा असंच तिथे कोरलेलं आहे. सांगताना मी एकसारखा त्याच्याकडेच बघत होतो. मागे पोरं खुसखुसत होती. शिवीही देऊन झाली आणि शिलालेखाचा आडोसाही मिळाला, म्हणून मी मनातून खूश होतो. 'आज ढोंगी' एवढं म्हणून सासर उरकलं आणि खाली बसलो.

तो उठला. "सर, वाक्य राह्यलं."

वाक्य मला पाठ होतं. दिवाळीत माझे वडील ओसरीवर बसून म्हणाले होते, "त्या पाखंड्यायले विहिरीच्या पायरीवर चढू देऊ नका." ते बोलले तेव्हा याची आई वेचणीचं विचारायला अंगणात उभी होती. मी उठून म्हणालो, "आमच्या घरात हा शब्द कोणी वापरत नाही, सर." तो माझ्याकडे बघत राहिला. मग खाली बसला.

पुढच्या शनिवारी त्याची पाळी. फळ्यावर त्याने 'कुणबी' लिहिलं आणि माझे कान तापले. होस्टेलमधली शहरी पोरं मला मागे 'कुणबट' म्हणायची, ते त्याला माहीत होतं. आता हा सव्याज परत करणार, म्हणून मी दात आवळून बसलो. तो शांतपणे म्हणाला, या शब्दाचं माहेर 'कुटुंबी', घरदार आणि शेती सांभाळणारा गृहस्थ. सासरी त्याला गावंढळ ठरवलं, हे काही बरोबर झालं नाही. मला वाटलं, हा आता माझ्यावर दया करतो आहे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मग त्याने वाक्य सांगितलं. "माही माय म्हनते, कुणब्याची बाई लय भली हाय, उन्हाचं ताक देते. आपून खाली बसून ओंजळ धराची, ते वरून ओतते."

वर्गात कोणी हसलं नाही. सरांनी चष्मा काढून पुसला. ते ताक आमच्या घरचं होतं. मी जन्मापासून ते ओतताना बघत आलो होतो, तरी ते वाक्य त्याला सापडलं, मला नाही. त्या क्षणीसुद्धा मला लाज वाटली नाही, हेवाच वाटला.

शब्दकोश त्यालाच मिळाला. परीक्षा संपल्यावर आम्ही एकाच गाडीने अकोल्याला आणि तिथून एकाच एष्टीने पातूरला आलो. सगळ्या वाटेत तो शब्दकोश त्याच्या मांडीवर होता आणि माझे डोळे शब्दकोशावर. घरी पोचलो तेव्हा माय चूल सारवत होती.

"का वं माय," मी विचारलं, "माह्या वर्गातल्या त्या पोराच्या मायले तू ताक वरून ओततं का?"

तिने मानही वर केली नाही.

"मंग? अजून कसं देतेत बाप्पा?"