निळज्याहून तळोज्याला

भांबुर्ड्याचा पाला विस्तवावर तापू लागला की त्याचा एक उग्र, किंचित कडवट, ओव्याशी दूरचं नातं सांगणारा वास सुटतो. पौषातल्या एका दुपारी तळोज्याच्या शिवारात तो वास मी छाती भरून घेतला, आणि 'छाती भरून' हे शब्द मी अलंकार म्हणून लिहीत नाही. त्याआधीची जवळजवळ दोन वर्षं माझ्या छातीला भरण्याची मुभाच नव्हती.

मला क्षय झाला होता. मामलेदार कचेरीतली साधी कारकुनी, पनवेलच्या जुन्या आळीतलं दोन खोल्यांचं बिऱ्हाड आणि म्हातारी आई, एवढाच माझा संसार; तो तसाच टाकून मला घाटावरच्या एका आरोग्यधामात जावं लागलं. तिथे निलगिरीची उंच झाडं होती, इंजेक्शनांनी दगड झालेले दंड होते, आणि शेजारच्या खाटेवरची चादर सकाळी अचानक बदललेली दिसली तर काही विचारायचं नाही, असा एक अलिखित शिष्टाचार होता. मी वाचलो. डॉक्टरांनी पाठीवर थाप मारून सांगितलं, "आता तुमच्यापासून कुणाला काही धोका नाही. मोकळ्या हवेत चालत जा." मी घरी आलो, परंतु हा निरोप आळीपर्यंत काही पोचला नाही. लोक वाईट नव्हते. ओट्यावरूनच, दोन हात राखून, माझी विचारपूस करीत. कोपऱ्यावरचा चहावाला माझी कपबशी वेगळ्या फळीवर ठेवी. आईनंही माझं ताट-भांडं निराळं ठेवलं होतं. ते घासताना तिचे डोळे भरून येत, पण ती ते निराळंच घाशी. हळूहळू माझंच मला पटत गेलं, की आपण बरे झालो आहोत ते एकट्यानं बसण्यापुरतेच.

शेजारच्या दत्तोपंतांनी मला त्यातून उठवलं. ते निवृत्त पोस्टमास्तर. पनवेलला रेल्वे येऊन अजून फार दिवस झाले नव्हते, आणि या वयात दारी आलेल्या त्या नवलाईवर दत्तोपंतांचा जीव जडला होता. दर रविवारी सकाळच्या गाडीनं एखाद्या आडगावच्या स्टेशनावर उतरायचं, शेतांतून चालत पुढचं स्टेशन गाठायचं, तिथे जी असेल त्या खाणावळीत पोटभर जेवायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परतायचं, असा त्यांनी परिपाठच घातला होता. मुलींच्या शाळेतल्या सुमतीबाई आणि बाजारपेठेतले शिंपी हसनभाई हे त्यांचे नेमाचे सोबती. एका शनिवारी दत्तोपंत थेट आमच्या माजघरात येऊन बसले आणि म्हणाले, "वसंता, उद्या निळज्याला उतरून तळोज्यापर्यंत चालायचंय. तू येतोयस."

"मला दम लागतो, काका."

"आम्हालाही लागतो. फक्त आम्ही तेव्हा 'वा, काय देखावा आहे!' असं म्हणून उभे राहतो."

निळज्याला उतरलो तेव्हा धुकं अजून जमिनीलगत रेंगाळत होतं, आणि फलाटाबाहेर माठ घेऊन बसलेल्या माणसाकडून आम्ही गार नीरा प्यायलो. हसनभाई पेला उंच धरून म्हणाले, "दारूबंदीच्या राज्यात शौक म्हंजे एवढाच!" भातकापणी होऊन गेलेली होती. खाचरांतून धसकटं उरली होती, बांधाकडेला पेंढ्याच्या उडव्या उभ्या होत्या, आणि भात काढलेल्या ओलीवर पेरलेला वाल आपल्या हिरव्या पसाऱ्यानं सारी रिकामी जमीन झाकू पाहत होता. उजेड वाढत गेला तसा पूर्वेला मलंगगडाचा सुळका धुक्यातून वर आला. आधी केवळ एक शंका, मग एक रेघ, आणि मग ऊन पडल्यावर निःसंशय दगड. कधी डाव्या, कधी उजव्या बाजूनं रेल्वेचा रूळ आमची सोबत करीत होता. मी पिशवीत माझं स्वतःचं ॲल्युमिनियमचं ताट आणि पेला घेतला होता. चालताना ते एकमेकांवर किणकिणत, आणि ती किणकिण फक्त मलाच ऐकू येते आहे असं बाकीचे वागत होते.

निम्म्या वाटेवर, ओढ्यावरच्या एका मोरीजवळ, मला खोकल्याची उबळ आली. दोन वर्षांत जी भीती मला पाठ झाली होती ती तिथे, त्या निरभ्र उन्हात, पुन्हा समोर उभी राहिली. मी कठड्याला टेकलो आणि रुमाल तोंडाशी धरला. उबळ सरली तरी रुमाल उघडण्याचं धैर्य होईना. मंडळी थांबली होती. अखेर मी तो उघडला. तो स्वच्छ होता. सुमतीबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दत्तोपंत, तुमचा तो देखावा इथे आहे ना हो?" "हो तर," दत्तोपंत म्हणाले, "असा देखावा उभ्या ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत नाही," आणि समोरच्या चिखलात उभ्या असलेल्या एका एकाकी म्हशीकडे ते कौतुकानं पाहू लागले. मी हसलो. हसताना पुन्हा थोडा खोकलो, पण तो खोकला साधा होता, कुणाचाही असावा तसा.

तळोज्याला पोचलो तर स्टेशनाजवळच्या खाणावळीला कुलूप. मालक ओवे गावात लग्नाला गेलेला. दुपार झालेली, पोटात आग पडलेली, आणि गाडीला अवकाश. हसनभाई गावात कुणा नातलगाकडे जावं का, याचा विचार करीत असतानाच पलीकडच्या शेतातून एका बाईची हाक आली, "खानावल बंद हाय आज! इकडं या, आमची पोपटी लागलीय."

त्यांचं नाव हिराबाई. त्या, त्यांचे यजमान आणि पाच-सहा वर्षांची मुलगी, असं ते आगरी कुटुंब वालाच्या कडेला बसलं होतं. पोपटीच्या मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, रताळी, अंडी, मीठ आणि ओवा घालून ते उपडं ठेवलेलं, आणि वर पेंढा-गोवऱ्यांचा जाळ. अनोळखी माणसांना जेवायला बोलावणं ही जणू त्या जाळाचीच एक रीत असावी, इतक्या सहज त्यांनी आम्हाला बसायला गोणपाट टाकलं. मडकं उतरलं, आणि वाफाळत्या शेंगांचा ढीग केळीच्या पानांवर मधोमध ओतला गेला. सारे त्याभोवती सरकले. मी मात्र सवयीनं थोडा लांब बसलो आणि पिशवीतून ताट काढलं.

"दादा, ते कशाला?" हिराबाईंनी विचारलं. "आमी काय ताटं नाय घेत. इथनंच खा."

काहीतरी सबब सांगता आली असती. पण त्यांनी ज्या मनानं हाक मारली होती त्या मनाला खोटं उत्तर देववेना. मी म्हणालो, "मला क्षय झाला होता. डॉक्टर म्हणतात, आता बरा आहे. पण तुमच्या घरात लहान मूल आहे."

आमच्या मंडळींत हा शब्द तोवर कुणी उच्चारला नव्हता. हसनभाईंचा हात शेंगेवरच थबकला. हिराबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "रगत पडतं?"

"आता नाही. वर्ष होत आलं."

त्या हलक्या आवाजात, बहुधा स्वतःशीच, म्हणाल्या, "माजा धाकटा दीर त्यातच गेला. मिठागराच्या कडंला झोपडी बांधून दिलती त्याला." त्यांनी यजमानांकडे पाहिलं. ते गृहस्थ आम्ही आल्यापासून एक शब्दही बोलले नव्हते. आताही त्यांनी फक्त आपली मांडी आवरली, गोणपाटावर डावीकडे सरकले, आणि मोकळ्या झालेल्या जागेवरची माती हातानं झटकली.

हिराबाईंनी मुलीला उचलून आपल्या पलीकडच्या अंगाला घेतलं, आणि मग मला म्हणाल्या, "या. गरम हाय तवर खा."

मुलीला पलीकडे नेलेलं मी पाहिलं, आणि आजवर अशा प्रत्येक हालचालीनं जसा आत कुठेतरी काटा रुतत असे तसा तो रुतला नाही. आळीतल्या माणसांनाही भय होतं आणि या बाईलाही होतं; तिचं तर घरातल्या माणसाच्या मरणातून आलेलं, अधिक खरं भय. परंतु ते तिनं लपवलं नाही, नि त्याच्या आधारानं मला दूरही ठेवलं नाही. लेकराला एका बाजूला घेऊन तिनं दुसऱ्या बाजूला मला जागा केली. मी तिथे जाऊन बसलो. दत्तोपंतांनी ढिगातली एक शेंग सोलली, दाणे आपल्या तोंडात टाकले, पुढची सोलून माझ्या हातावर ठेवली, आणि रताळी अधिक गोड की शेंगा यावर हसनभाईंशी मोठ्यानं वाद सुरू केला. त्या शेंगांची चव सांगायला माझ्याजवळ शब्द नाहीत. धुराची, मिठाची, हिरव्या दाण्याच्या कोवळ्या गोडीची. आणि चहूबाजूंनी येणाऱ्या इतर हातांची.

निघताना हिराबाईंनी उरलेल्या शेंगा सुमतीबाईंच्या ओच्यात घातल्या. "परत येवा," त्या म्हणाल्या, आणि मला वेगळं असं काही म्हणाल्या नाहीत. तेवढंही मला पुष्कळ वाटलं.

संध्याकाळच्या गाडीत गर्दी नव्हती. खाडीकडून वारा येत होता, आणि दिवसभराचं ऊन रिकाम्या बाकांवर तांबूस होऊन पडलं होतं. नावडं स्टेशन मागे पडायच्या आधीच दत्तोपंतांना डुलकी लागली आणि त्यांचं पांढरं डोकं माझ्या खांद्यावर येऊन विसावलं. मी अंग चोरलं. त्यांचा चेहरा माझ्या तोंडापासून वीतभरही लांब नव्हता. त्यांना हलकेच बाजूला करावं, असं मनात आलं. तेवढ्यात ते झोपेतच किंचित हलले, अधिक सोयीचा कोन शोधून पुन्हा स्थिर झाले आणि संथपणे घोरू लागले. दोन वर्षं मी रात्रंदिवस माझाच श्वास ऐकत आलो होतो. कुठे अडतो, कुठे घरघरतो, याचा हिशेब ठेवीत. आता कितीतरी वेळानं माझ्या ध्यानात आलं की मी ऐकतो आहे तो श्वास माझा नाही.

पनवेल आलं. मंडळी पिशव्या आवरू लागली. गाडी इथे बराच वेळ उभी राहते, हे मला ठाऊक होतं. मी सुमतीबाईंना खुणेनं पुढे व्हायला सांगितलं, आणि खांदा न हलवता तसाच बसून राहिलो.